सीडीवाचून अडलं नाही

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ‘डेटावन’ आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलचं ‘ट्रायबँड’ सुरू झालं. आदल्या वर्षी, १४ ऑक्टोबर २००४ रोजी, केंद्र सरकारचं ब्रॉडबँड धोरण जाहीर झालं होतं आणि किमान २५६ केबीपीएस वेग असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं, असं त्यात ठरलं होतं. मोबाइलवर काढलेला आजचा एखादा फोटो त्या वेगाने उतरवायला दीड-दोन मिनिटं लागतील. पण फोन अडकवून ठेवणाऱ्या, किर्रर्र आवाज करत जोडल्या जाणाऱ्या डायल-अपला कंटाळलेल्या घरांना तोही वेग पुष्कळ होता. एक्स्चेंजमधून मोडेमचं खोकं घरी यायचं. त्यात मोडेम, अडॅप्टर, वायरींची भेंडोळी, आवाज आणि डेटा वेगळे करणारा छोटा स्प्लिटर आणि कागदी पाकिटात एक सीडी.

सीडी संगणकात घालावी आणि पडद्यावर येईल तसं ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जावं, अशी अपेक्षा असे. जाणत्यांची रीत वेगळी होती. ब्राउझर उघडायचा, १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकायचा, ‘अ‍ॅडमिन’ हेच नाव आणि ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड देऊन मोडेमच्या आतल्या पानावर जायचं. तिथे व्हीपीआयच्या चौकटीत ०, व्हीसीआयच्या चौकटीत ३५ (एमटीएनएल असेल तर ३२), जोडणीचा प्रकार पीपीपीओई, मग एक्स्चेंजने दिलेलं नाव आणि पासवर्ड. सेव्ह, रीबूट. मोडेमवरचा एडीएसएलचा, म्हणजे फोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडचा, दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की नेट आलं. सीडी पाकिटातच राहायची.

लाइन सुरू व्हायला सीडीची गरज क्वचितच होती. गरज होती चार-पाच ओळींच्या माहितीची. ही माहिती कुणाच्या हातात असावी, कंपनीच्या प्रोग्रॅमच्या पोटात की ग्राहकाकडच्या कागदावर, यावरून टेलिफोनच्या तारेवर बरीच जुनी ओढाताण चालत आली आहे. तिची सुरुवात इंटरनेटच्याही आधीची आहे.

अमेरिकेत ‘एटी अँड टी’ या कंपनीचा नियम होता की तिच्या तारेला परकं यंत्र जोडायचं नाही. घरातला फोनही कंपनीचाच, भाड्याने दिलेला. टेक्ससच्या थॉमस कार्टरने रेडिओ-संच आणि फोन यांची गाठ घालून देणारं ‘कार्टरफोन’ हे यंत्र विकायला काढलं तेव्हा कंपनीने हरकत घेतली. प्रकरण संचार आयोगाकडे गेलं आणि जून १९६८ मध्ये निकाल कार्टरच्या बाजूने लागला. जाळ्याला अपाय होत नसेल तर बाहेरचं यंत्र जोडायला बंदी घालता येणार नाही. कंपनीने त्यावरही तोड काढली. जोडा, पण मध्ये आमचंच संरक्षक उपकरण भाड्याने घेऊन बसवा, अशी अट तिने घातली. ही अट जायला आणि प्रमाणित यंत्रं थेट भिंतीतल्या सॉकेटला लावता यायला सत्तरच्या दशकाचा मध्य उलटावा लागला. तोवरचे बाहेरच्या कंपन्यांचे मोडेम सहसा तारेला हात न लावता काम करत. फोनचा रिसीव्हर उचलून दोन रबरी वाट्यांत बसवायचा, मोडेम त्यात आवाज सोडणार आणि त्यातूनच आवाज ऐकणार. ही सगळी कसरत नियमातून जन्मली होती.

१९८१ मध्ये हेज कंपनीचा ‘स्मार्टमोडेम’ आला. संगणकाने ‘एटीडीटी’ ही अक्षरं आणि पुढे नंबर पाठवला की मोडेम स्वतःच डायल करायचा. हेजची ही आज्ञावली इतरांनी उचलली आणि तीच सर्वमान्य झाली. त्यामुळे कुठलाही मोडेम आणि कुठलाही टर्मिनल प्रोग्रॅम यांचं आपसांत जमू लागलं. पुढे सीडीला बगल देता आली ती अशाच उघड्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या भाषांमुळे.

भारतात या भाषा आधी संशोधन संस्थांत बोलल्या गेल्या. मुंबईत जुहूला असलेल्या ‘एनसीएसटी’ या सॉफ्टवेअर संशोधन केंद्रात श्रीनिवासन रमाणी आणि सहकाऱ्यांनी ‘एर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचं काम चालवलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात फोन लावून ई-मेलची देवाणघेवाण होऊ लागली. पुढे एनसीएसटीतून अमेरिकेतल्या ‘यूयूनेट’पर्यंत ९.६ केबीपीएसची लाइन गेली. सामान्य माणसाला मात्र १५ ऑगस्ट १९९५ ची वाट पाहावी लागली. त्या दिवशी व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत इंटरनेट खुलं केलं.

व्हीएसएनएलची खाती मुख्यतः दोन जातींची. स्वस्तातलं ‘शेल’ खातं विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय झालं. त्यात घरचा संगणक नुसता पडदा आणि कीबोर्ड, बाकी सगळं व्हीएसएनएलच्या यंत्रावर. पत्रं ‘पाइन’मध्ये वाचायची, वेबपानं ‘लिंक्स’मध्ये, चित्रं नाहीत, काळ्यावर पांढरी अक्षरं. याला कंपनीचा वेगळा प्रोग्रॅम लागतच नसे. बाजारातला कुठलाही टर्मिनल प्रोग्रॅम चाले. दुसरं खातं टीसीपी/आयपीचं, कितीतरी महाग. त्यात घरचा संगणक खरोखर इंटरनेटचा भाग व्हायचा आणि नेटस्केपमध्ये चित्रं दिसायची.

पण विंडोज ३.१ ला टीसीपी/आयपी येतच नव्हतं. ती उणीव टास्मानियातल्या पीटर टॅटम यांच्या ‘ट्रंपेट विनसॉक’ने भरून काढली. आवडला तर २५ डॉलर पाठवा, अशा विश्वासावर सोडलेला हा छोटा प्रोग्रॅम जगभर पसरला. अनेक सेवादात्यांनी आणि मासिकांनी तो बिनदिक्कत आपल्या फ्लॉपींवर घालून वाटला, टॅटम यांच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही. मग २४ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे व्हीएसएनएलच्या उद्घाटनानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, विंडोज ९५ बाजारात आलं. डायल-अपची सोय त्यातच होती. फोन नंबर, नाव, पासवर्ड आणि २०२.५४ ने सुरू होणारे व्हीएसएनएलचे डीएनएस पत्ते एवढं भरलं की काम झालं. वहीच्या मागच्या पानावर मावेल एवढी माहिती.

म्हणजे तंत्राच्या बाजूने पाहिलं तर १९९५ नंतर सेवादात्याच्या डिस्कचं प्रयोजन जवळपास संपलं होतं. डिस्कांचा महापूर आला तो त्यानंतरच.

या पुराचा उगम ‘अमेरिका ऑनलाइन’ म्हणजे एओएल. कंपनीच्या विपणनप्रमुख जॅन ब्रँट यांनी १९९३ मध्ये टपालाने फ्लॉप्या पाठवायला सुरुवात केली, पुढे सीड्या आल्या. मासिकांत, विमानांत, दुकानांच्या गल्ल्यांवर, जिथे तिथे एओएलची सीडी. एक काळ असा होता की जगात तयार होणाऱ्या निम्म्या सीड्यांवर आमचं चिन्ह होतं, असं ब्रँट यांनी नंतर सांगितलं आहे. वैतागलेल्या दोघांनी २००१ मध्ये दहा लाख सीड्या जमवून कंपनीच्या दारात नेऊन ओतायची मोहीमच उघडली होती.

एओएलची गोष्ट थोडी निराळी, कारण तिची सेवाच तिच्या प्रोग्रॅममध्ये राहत होती. पण साध्या डायल-अप कंपन्याही सीडी का देत? त्याचं उत्तर मायक्रोसॉफ्टच्या एका संचात सापडतं. इंटरनेट एक्स्प्लोररवर स्वतःचा शिक्का मारण्यासाठी सेवादात्यांना तो मिळत असे. सीडी घातली की ब्राउझरच्या शीर्षपट्टीवर कंपनीचं नाव झळकायचं, मुखपृष्ठ बदलायचं, आवडीच्या दुव्यांत कंपनीचे दुवे येऊन बसायचे. जोडणी लावून देणं हे निमित्त, ग्राहकाच्या पडद्यावर जागा मिळवणं हा व्यवहार. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘नेटझीरो’ने तर हा व्यवहार उघडच मांडला. इंटरनेट फुकट, मात्र तिच्या प्रोग्रॅममधली जाहिरातींची खिडकी कायम डोळ्यांसमोर. अशा सेवेत प्रोग्रॅम टाळून जोडणी मिळवणं म्हणजे तिकीट न काढता नाटक पाहणं. तेही प्रयत्न झालेच.

भारतात नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि व्हीएसएनएलची मक्तेदारी संपली. ‘सत्यम ऑनलाइन’, ‘मंत्रा ऑनलाइन’ अशा कंपन्यांचे तासांवर विकले जाणारे संच संगणकाच्या दुकानांत आले. आत नाव, पासवर्ड आणि सीडी. एव्हाना इकडे लिनक्स वापरणारेही तयार झाले होते. १९९६ पासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिक लिनक्सची सीडी वाचकांना देऊ लागलं होतं. त्यामागे अतुल चिटणीस यांचा मोठा वाटा होता. पुण्या-मुंबईत लिनक्सवाल्यांची मंडळं जमू लागली. या लोकांना विंडोजसाठी बनवलेल्या सीडीचा उपयोग शून्य. त्यांना आणखी एक अडचण होती ती ‘विनमोडेम’ची. हे स्वस्त मोडेम आपलं बरंचसं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकलत, त्यामुळे लिनक्समध्ये नुसते पडून राहत. ज्याच्याकडे बाहेरून सिरियल पोर्टला जोडायचा जुना, जाडजूड, महागडा मोडेम असे तो सुखी, कारण त्याला हेजची ‘एटीडीटी’ समजायची.

मग ब्रॉडबँड आलं आणि एक उलटाच प्रकार झाला. तार चोवीस तास चालू, डायल करण्यासारखं काही उरलं नाही, तरी ‘डायलर’ परत आला.

कारण हिशेबाचं होतं. सेवादात्यांची सगळी यंत्रणा ‘कोण, केव्हा आला, केव्हा गेला’ या नोंदीवर उभी होती. एडीएसएल मोडेमची वायर संगणकाच्या नेटवर्क पोर्टमध्ये घुसवली की ही नोंद कुठे करायची? ‘यूयूनेट’, ‘रेडबॅक’ आणि ‘राउटरवेअर’ या तीन कंपन्यांनी तोडगा काढला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये तो ‘आरएफसी २५१६’ या खुल्या टिपणात प्रसिद्ध झाला. हाच पीपीपीओई. डायल-अपचं जुनं पत्र इथरनेटच्या पाकिटात घालायचं, नाव-पासवर्ड तेच, हिशेबही तोच. या दुहेरी पाकिटाला आठ बाइट जास्त लागतात, म्हणून १५०० बाइटऐवजी १४९२ च बाइट आत मावतात. या आठ बाइटांनी अनेकांना रडवलं. काही पानं फटकन उघडायची, काही अर्ध्यावर येऊन गोठायची, आणि कारण सापडायला आठवडे जायचे.

विंडोज ९८ ला पीपीपीओई येत नव्हतं. अमेरिकेतल्या फोन कंपन्यांनी त्यासाठी ‘विनपोएट’ आणि ‘एंटरनेट ३००’ हे प्रोग्रॅम सीडीवरून वाटले. पण नियम आरएफसीत छापलेले, कुणीही वाचावेत. ओटावामधल्या ‘रोअरिंग पेंग्विन’ या छोट्या कंपनीने लिनक्ससाठी मोफत प्रोग्रॅम लिहिला. विंडोजसाठी रॉबर्ट श्लाबाख या जर्मन प्रोग्रॅमरचा ‘रासपीपीपीओई’ आला. कंपन्यांनी दिलेल्या डायलरपेक्षा तो हलका होता आणि त्यात जाहिरात नव्हती. २५ ऑक्टोबर २००१ ला विंडोज एक्सपीने पीपीपीओई पोटातच घेतलं. नव्या जोडणीच्या खिडकीत नाव, पासवर्ड भरा आणि ‘कनेक्ट’ दाबा. डायलरची सीडी दुसऱ्यांदा निरुपयोगी झाली.

मुंबईत मात्र याच सुमारास एक वेगळं जग उभं राहत होतं. केबल टीव्हीवाल्यांनी गच्चीवरून गच्चीवर नेटच्या वायरी टाकल्या. तिथे पीपीपीओई नसेल तर कंपनीचा स्वतःचा लॉगिन प्रोग्रॅम असायचा. ‘सिफी ब्रॉडबँड’चा असा क्लायंट होता. अहमदाबादच्या ‘एलिटकोर’ कंपनीचं ‘२४ऑनलाइन’ अनेक केबलवाल्यांकडे चाले. हे प्रोग्रॅम नुसतं आत सोडून थांबत नसत. ग्राहक अजून जागेवर आहे की नाही, हे ते ठरावीक वेळाने मुख्य यंत्राला कळवत राहत. इथे नियम कुठल्या आरएफसीत छापलेले नव्हते. मग ग्राहकांमधल्या प्रोग्रॅमरांनी वायरीवरून काय जातं-येतं ते पाहून त्याच बोलीत बोलणारे पर्यायी क्लायंट लिहिले आणि एकमेकांना दिले. दुसरी अडचण मॅक पत्त्याची. केबलवाला एकाच नेटवर्क कार्डाचा पत्ता नोंदवून घ्यायचा, संगणक बदलला की त्याला फोन करा. घरगुती राउटरांत ‘मॅक क्लोन’ नावाचं बटण असतं, ते नेमकं यासाठी. राउटर जुन्या कार्डाचा पत्ता सांगतो, आणि एका जोडणीवर घरातले तीन संगणक चालतात.

डेटावनच्या ० आणि ३५ या आकड्यांमागेही मोठा वंशवृक्ष आहे. एडीएसएलमध्ये डेटा ‘एटीएम’ या पद्धतीने जातो. हा शोध टेलिफोनवाल्यांचा, आवाज डोळ्यांसमोर ठेवून लावलेला. त्यात प्रत्येक तुकडा ५३ बाइटांचा, पाच पत्त्याचे आणि ४८ मजकुराचे. अमेरिकी लोकांना ६४ हवे होते, युरोपीयांना ३२. भांडण मिटवायला मधला आकडा घेतला. तुकड्याच्या पत्त्यात मार्ग आणि वाहिनी असे दोन क्रमांक असतात, तेच व्हीपीआय आणि व्हीसीआय. ० ते ३१ या वाहिन्या यंत्रणेच्या अंतर्गत कामांसाठी राखून ठेवलेल्या. ग्राहकाला देता येते ती पहिली वाहिनी ३२. एमटीएनएलने तीच धरली, बीएसएनएलने ३५. आंतरराष्ट्रीय समित्यांमधल्या तडजोडींचा हा शेवटचा अंश सांगली-साताऱ्यातल्या मोडेमच्या पानावर टाइप केला जात होता.

सीडीची खरी गरज एकाच माणसाला पडे. संगणकात नेटवर्क कार्ड नसल्यामुळे मोडेम यूएसबीने जोडणाऱ्याला. हुआवेईच्या ‘एमटी ८८२’सारख्या मोडेमला दोन्ही पोर्ट असत. इथरनेटची वायर लावली तर ड्रायव्हर नको, यूएसबी लावली तर हवा. ब्रिटन-फ्रान्समध्ये सुरुवातीला वाटले गेलेले ‘अल्काटेल स्पीडटच’ मोडेम तर फक्त यूएसबीचे होते. त्यांना चालवण्यासाठी लिनक्सवाल्यांना विंडोजच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर, म्हणजे मोडेमच्या आत चालणारा प्रोग्रॅम, उपसून काढावं लागलं.

जोडणी आपल्या ताब्यात असण्याचा आणखी एक फायदा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी रात्री अनुभवला. डेटावनच्या काही योजनांत डेटाला मर्यादा होती, पण पहाटे २ ते सकाळी ८ सगळं मोफत. दोनच्या आधी सुरू झालेलं सत्र दिवसाच्या हिशेबात धरलं जाऊ नये म्हणून लोक दोनच्या ठोक्याला जुनी जोडणी तोडून नवी सुरू करत. त्यासाठी कुणी गजर लावी, कुणी संगणकालाच वेळापत्रक लावून देई. मोडेम ‘ब्रिज’ पद्धतीने ठेवला असेल तर हे सोपं, कारण जोडणारा-तोडणारा संगणकच. मोडेमला राउटर केलं तर चोवीस तास नेट, पण मर्यादा केव्हा ओलांडली ते बिल आल्यावर कळे.

दरम्यान कंपन्यांनी सीडीला पर्याय शोधला होता. मे २००४ मध्ये ‘टीआर-०६९’ हे मानक प्रसिद्ध झालं. ग्राहकाच्या घरातला मोडेम स्वतःहून कंपनीच्या यंत्राशी बोलतो, सेटिंग घेतो, फर्मवेअर बदलून घेतो. ग्राहकाला काही भरावं लागत नाही, आणि काही दिसतही नाही. ज्यांना ० आणि ३५ शी देणंघेणं नाही त्यांची ही मोठी सोय झाली. धोकाही त्याच दारातून आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं नेट अडलं. हल्ला झाला होता टीआर-०६९ च्या ७५४७ या पोर्टवर. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलचे हजारो मोडेम ‘ब्रिकरबॉट’ या घातक प्रोग्रॅमने बंद पाडले. तेव्हा ग्राहकांना मूळचा पासवर्ड बदलायला सांगण्यात आलं. तो बहुतेक ठिकाणी अजूनही ‘अ‍ॅडमिन’च होता.

जोडणीची माहिती कुणाच्या हातात असावी, हा प्रश्न जर्मनीत कायद्यापर्यंत गेला. अनेक सेवादाते आपलाच राउटर लादत आणि लॉगिनचे तपशील ग्राहकाला देतच नसत. १ ऑगस्ट २०१६ पासून तिथे ग्राहकाला हवं ते उपकरण लावण्याचा हक्क मिळाला. शिवाय जोडणीला लागणारी सगळी माहिती करार होतानाच, न मागता आणि विनामूल्य द्यायची, असं बंधन कंपन्यांवर आलं.

आता तांब्याची जागा काचेच्या तंतूने घेतली आहे आणि व्हीपीआय-व्हीसीआय त्यात उरलेले नाहीत. बीएसएनएलच्या फायबर जोडणीत पीपीपीओईचं नाव आणि पासवर्ड आहेत, सोबत व्हीलॅनचा एक क्रमांक. मात्र फायबर घरात जिथे संपतो तिथल्या ‘ओएनटी’ला स्वतःची ओळख असते: बनवणाऱ्या कंपनीची चार अक्षरं आणि पुढे आठ अंकाक्षरं. पलीकडच्या यंत्रात हा क्रमांक नोंदलेला नसेल तर नाव-पासवर्ड विचारण्याची वेळच येत नाही. म्हणून स्वतःचा ओएनटी आणणाऱ्याला तो क्रमांक सेवादात्याकडून नोंदवून घ्यावा लागतो. नोंद करून मिळाली नाही तर कंपनीचा ओएनटी ब्रिज करून घ्यायचा, आणि पीपीपीओईचं नाव-पासवर्ड मागच्या आपल्या राउटरमध्ये भरायचं.